वेकबोर्डवर उठताच येत नाही? बोर्डला शिव्या घालायच्या आधी एवढं तपासा

वेकबोर्ड म्हणजे दोन्ही पाय अडकवून, बोटीला बांधलेल्या दोराचं हँडल धरून पाण्यावर घसरत जायची फळी. आधी लक्षणं सांगतो, तुमचं यातलं कुठलं ते बघून ठेवा.

एक, बोटीनं दोर ताणला की हँडल हातातून सटकन निसटतंय, बोट पुढं गेली आणि तुम्ही हाय तिथंच. दोन, हँडल सुटत नाही पण बोर्ड पाण्यात नांगरासारखा रुततोय, तोंडावर नुसता फवारा, नाकात पाणी, डोळ्यांना काही दिसत नाही आणि शेवटी तुम्हीच कंटाळून सोडून देताय. तीन, अर्धवट उठता आणि पुढं तोंडावर. चार, पूर्ण उठता, बोटीतले लोक शिट्ट्या मारायला तोंडात बोटं घालेपर्यंत तुम्ही पाठीवर धप्प. पाच, उभं राहून चार-पाच सेकंद झकास चाललेलं असतंय आणि काही कारण नसताना कुणीतरी कानाखाली वाजवावी तसं फाडकन पाण्यावर आपटता. आणि यातलं काहीही असलं तरी दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप उचलताना मनगटापासून कोपरापर्यंतचा हात रडतोय.

मी सात वर्षं गल्फमध्ये वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवर होतो, आता सोलापुरात परत आलोय आणि सुट्टीच्या दिवशी एका मित्राच्या बोटीवर उजनी धरणाच्या बॅकवॉटरला जातो. भाऊबंद, मित्र, मित्रांची पोरं असे बरेच जण शिकायला येतात आणि खरं सांगायचं तर मी गेली कित्येक वर्षं एकच फॉल्ट दुरुस्त करतोय. पाण्यातून वर येणं. उड्या, वळणं ते सगळं नंतरचं, दहातले नऊ जण अडकतात ते पहिल्या पाच सेकंदात. आणि दरवेळी माणूस पहिल्यांदा काय म्हणतो तर "बोर्डच बेकार आहे." बोर्ड बिचारा बहुतेक वेळा चांगला असतोय. म्हणून फुकटात होणाऱ्या गोष्टी आधी, खर्चाच्या शेवटी.

पाणी आणि वारा

हे पहिलं, कारण याला काहीच लागत नाही, फक्त लवकर उठायला लागतंय. सकाळी सहा-साडेसहाला पाणी काचेसारखं असतंय, नऊनंतर वारा सुटला की बारीक लाटा चालू होतात आणि नवशिक्याचा बोर्ड प्रत्येक लाटेला टकटक आपटत राहतो. तेच तंत्र, तोच माणूस, सकाळी उठतो आणि अकराला उठत नाही, हे मी शंभर वेळा बघितलंय. शिवाय आपल्या सोलापूरचं ऊन. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर गेल्यावर दुपारी पाण्यात आहोत म्हणून थंड वाटतंय पण डोकं तापत असतंय आणि ताकद कधी संपली कळत पण नाही.

दुसरं म्हणजे खाली काय आहे ते. पेपरात "उजनी मायनसमध्ये" असं वाचलं की समजून घ्या, पाण्याखाली गेलेलं सगळं वर यायला लागलंय. धरण झालं तेव्हा गावंच्या गावं पाण्याखाली गेली, पळसदेवचं जुनं देऊळ पाणी उतरलं की वर दिसतंय ते फोटोत छान वाटतंय, पण जे वर दिसत नाही, हातभर पाण्याखाली आहे, त्या भिंती आणि बाभळीचे खुंट तुमच्या गुडघ्याला दिसत नसतात. निदान सात-आठ फूट पाणी पाहिजे आणि तो पट्टा बोटीनं आधी हळू फिरून बघायचा. मासेमारीची जाळी कुठं लावलीत ते तिथल्या होडीवाल्या मामांना विचारायचं, तंगूसचं जाळं पंख्यात गुंतलं की बोट पण गेली आणि त्या माणसाची रोजीरोटी पण. हिवाळ्यात फ्लेमिंगोंच्या थव्याकडं बोट नेऊ नका, फोटोसाठी तर अजिबात नाही. आणि परवानगीशिवाय धरणात स्वतःची बोट घालायची नाही हे वेगळं सांगायला नको.

हात

आता खरा आजार. दोर ताणला की माणूस हँडल छातीकडं ओढतोय. ते आपोआपच होतंय हो, विहिरीतून बादली ओढल्यासारखं. पण इथं तुम्ही बोटीला ओढू शकत नाही. कोपर वाकवलं की काय होतं बघा: हँडल तुमच्याकडं आलं, दोर क्षणभर ढिला पडला, बोट तर पुढं चाललीय, मग तो ढिला दोर एकदम ताणतो आणि झटका बसतो. तो झटका एकतर बोटांतून हँडल काढून घेतो (लक्षण एक) नाहीतर छातीला धरून तुम्हाला पुढं पाडतो (लक्षण तीन).

हात सरळ, कोपर सुटे, दोन्ही तळवे खाली, हँडल गुडघ्यांच्या पुढं आणि दंड गुडघ्यांच्या बाहेरून. बास. हात म्हणजे दोराचाच पुढचा तुकडा समजायचा.

मागच्या वर्षी सोलापूरच्या पूर्व भागातले एक काका आले होते, पोराला सोडायला. आयुष्य यंत्रमागावर गेलेलं, वय पन्नाशीच्या पुढं, पोहायला पट्टीचे. पोरगं पुण्यात आयटीत, सात वेळा पडलं. काका बोटीतून बघत होते, म्हणाले, "अरे तार सारखी ताणलेली ठेवायची असती बे, ढिली पडून झटका बसला की तुटतीच." मग स्वतःच जॅकेट घालून उतरले आणि तिसऱ्या वेळेला उठले. पोराचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

गुडघे, म्हणजे उकिडवं बसणं

आपल्याकडं ही एक फुकटची देणगी आहे. उकिडवं बसता येतंय का? टाचा टेकवून, गुडघे छातीला, नळावर भांडी घासायला बसल्यासारखं? मग तुमचं अर्धं काम झालं. पाण्यात पाठीवर रेलून तसंच बसायचं, टाचा ढुंगणाजवळ, बोर्ड दोराला आडवा, म्हणजे दोर आला की तो बोर्डच्या बरोबर मध्यावर यायला पाहिजे, आणि बोर्डची बोटांकडची कड पाण्याच्या वर दोन-तीन बोटं दिसली पाहिजे.

बोट चालू झाली की पाणी बोर्डच्या तळाला रेटतंय. त्यावेळी जो पाय सरळ करून त्या रेट्याला उलट रेटतो तो हरला, कारण आता बोर्ड पाण्याच्या प्रवाहात उभ्या दारासारखा झाला, सगळं धरणाचं पाणी त्याच्यावर येतंय आणि ती ताकद शेवटी कुठं जाते तर तुमच्या बोटांवर. हेच ते लक्षण दोन. पाण्याला रेटू द्या, गुडघे छातीत घुसू द्या, गोळा होऊन बसा. दोन-तीन सेकंदांत बोर्ड आपोआप पाण्यावर येतो आणि फवारा कमी होतो. फवारा कमी होणं हाच सिग्नल.

घाई

उठायचं कधी? तर उठायचंच नाही. बोट उठवते. मी सगळ्यांना सांगतो की आधी पाण्यावर उकिडवंच चाला, देशी संडासात बसल्यासारखं, लाज वाटू देऊ नका, शंभर फूट तसंच जा आणि मग हळू सरळ व्हा, ते पण पूर्ण नाही, गुडघे वाकलेलेच. जे पटकन ताठ उभे राहतात ते पाठीवर पडतात, लक्षण चार, कारण कंबर बोर्डच्या मागं राहिलेली असते आणि वजन हवेत.

याची घरी प्रॅक्टिस करा, खरंच. फरशी गुळगुळीत असेल तर सोलापुरी चादर घडी करून टाका, तिच्यावर उकिडवं बसा, हातात टॉवेलचं एक टोक, दुसरं टोक भावाच्या हातात. त्यानं हळू ओढायचं, तुम्ही हात न वाकवता बसल्या जागेवरून वर यायचं, नुसत्या त्याच्या ओढीनं. माझ्या भाच्यानं हॉलमध्ये दहा मिनिटं केलं, वहिनीनं चादरीवरून बोलणी घातली ती वेगळी, पण दुसऱ्या दिवशी पाण्यात दुसऱ्याच वेळेला उठला. "मामा, मी काहीच केलं नाही," म्हणाला. बरोब्बर. काहीच करायचं नसतंय.

पुढचा पाय आणि नजर

उठल्यावर बोर्ड आडवा ठेवून चालत नाही, एक टोक बोटीकडं फिरवायला लागतंय. कुठलं टोक? सरळ उभं राहा आणि कुणाला तरी न सांगता मागून हलकं ढकलायला सांगा, जो पाय आधी पुढं पडतो तो पुढचा. डावा पडला तर रेग्युलर, उजवा पडला तर गूफी, दोन्ही बरोबरच असतात. उलटा पाय पुढं घेऊन दोन महिने आपटत बसलेला माणूस मी बघितलाय, बाइंडिंग (बोर्डवर पाय अडकवायचे बूट) फिरवल्या आणि त्याच दिवशी चालला. फिरवताना पाय मुरगाळायचे नाहीत, हँडल पुढच्या पायाच्या बाजूला कमरेपाशी आणायचं, पुढचा खांदा बोटीकडं, बोर्ड मागोमाग वळतो.

लक्षण पाच म्हणजे तो कानाखालचा आवाज. ती बहुतेक वेळा बोर्डची पुढची कड पाण्यात घुसल्यामुळं बसते. आणि ती का घुसते, तर तुम्ही बोर्डकडं बघत असता. मान खाली गेली की खांदे जातात, खांदे गेले की वजन पायाच्या बोटांवर जातंय आणि पाणी कड पकडतंय. बोटीतल्या माणसाच्या डोक्यावरून पलीकडच्या काठाकडं बघा.

पाना आणि स्क्रूड्रायव्हर

इथपर्यंत एक रुपया खर्च नाही. आता बाइंडिंग. टाच आत हलत असेल तर तुम्ही वळवता एक आणि बोर्ड करतो दुसरंच, म्हणून घट्ट पाहिजे, पण बोटं बधिर होतील इतकं नको, पडल्यावर पाय सुटायला पण पाहिजे. दोन पायांतलं अंतर खांद्याएवढं. पुढचा पाय साधारण पंधरा अंश बाहेर, मागचा जवळजवळ सरळ. नवशिक्यासाठी मी दोन्ही बाइंडिंग एक-एक भोक मागं सरकवतो, त्यानं पुढचं टोक हलकं राहतंय आणि बुडत नाही. प्रत्येक वेळी पाण्यात जायच्या आधी स्क्रू हातानं हलवून बघा, धक्क्यांनी ते ढिले होतात.

पाय आत जात नसेल तर शाम्पू पाण्यात पातळ करून लावा. एकानं खोबरेल तेल लावलं होतं, पाय झकास गेला आणि तितकाच झकास बाहेर पण आला, वर तेलानं रबर खराब होतं ते वेगळं.

बोर्डखालच्या फिन (माशाच्या परासारख्या पातळ पट्ट्या) आहेत का तेही बघा, निघून पडलेल्या असतात आणि कुणाला पत्ता नसतो. फिन नसली की सुरुवातीला बोर्ड साबणासारखा आडवा घसरतो.

दोर

आता खिशाला हात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं चऱ्हाट किंवा साधा नायलॉनचा दोर आणू नका. नायलॉन ताणला जातो, मग एकदम आकसतो, म्हणजे वर जो झटका सांगितला तो तुम्ही कितीही हात सरळ ठेवले तरी बसणारच. आणि ताणलेला दोर तुटला किंवा हुक निसटला तर तो चाबकासारखा बोटीतल्या माणसांवर येतो. वेकबोर्डचा दोर न ताणणारा मिळतो तोच घ्या.

लांबी नवशिक्यासाठी चाळीस-पंचेचाळीस फूट पुरे. आखूड दोर वरच्या दिशेला जास्त ओढतो म्हणून उठायला सोपं. आणि बोटीवर दोर बांधायची जागा जितकी उंच तितकं चांगलं, खाली मागच्या कडीला बांधला की ओढ सरळ आडवी लागते. परदेशात केबल पार्क असतात, म्हणजे बोटीऐवजी उंचावरून फिरणारी तार माणसाला ओढते, जर्मनीत ब्रुनो रिक्सेन यांनी १९६० च्या दशकात ही केबलची पद्धत काढली, तिथं दोर वरून येतो म्हणून नवशिके पटकन उठतात. मी गल्फमध्ये दोन्ही बघितलंय, बोटीमागं दिवस घालवलेला माणूस केबलवर तासाभरात चालतो.

बोट चालवणारा

हे दुरुस्त करायला सगळ्यात अवघड, कारण इथं पाना चालत नाही, माणसाचा स्वभाव आडवा येतोय. अर्ध्या वेळा चूक याची असते आणि शिव्या पाण्यातला खातो. ड्रायव्हर थ्रॉटल एकदम शेवटपर्यंत ढकलतो, बुलेटवर पोरं रेस करतात तसं, आणि पाण्यातल्याचे खांदे निखळायची पाळी. असं करायचं: आधी गिअरमध्ये हळू पुढं जाऊन दोर सरळ ताणायचा, पाण्यातल्यानं "चल" म्हटलं की सलग, सावकाश वेग वाढवायचा, माणूस वर आला की तिथंच थांबायचं. उभं राहिल्यावर ताशी २५ ते ३० किलोमीटर नवशिक्याला भरपूर. हलकं पोरगं असेल तर त्याहून कमी.

ड्रायव्हरनं पुढं बघायचं, मागं बघायला दुसरा माणूस पाहिजेच पाहिजे. खुणा आधी ठरवा, कारण इंजिनच्या आवाजात काही ऐकू येत नाही: अंगठा वर म्हणजे वेग वाढव, खाली म्हणजे कमी कर, पडल्यावर डोक्यावर हात ठेवला म्हणजे मी ठीक आहे. माणूस बोटीजवळ आला की इंजिन बंद, न्यूट्रल नव्हे, बंद. किल स्विचची दोरी (ती ओढली गेली की इंजिन बंद पडतं) ड्रायव्हरच्या मनगटाला. यात मी कुणाचं ऐकत नाही, मित्राचं पण नाही.

बोटीची ताकद कशी ओळखायची? चार माणसं बसवून बोट स्वतः नाक खाली करून पाण्यावर तरंगत पळते का बघा. मासेमारीच्या होडीला लावलेलं आठ-दहा एचपीचं इंजिन तिलाच वर काढत नाही, तर तुम्हाला काय काढणार.

शेवटी बोर्ड

एवढं सगळं करून पण उठत नसाल तर मग बोर्डकडं बघा. वजनाच्या मानानं लहान बोर्ड असेल तर तो पाण्यावर यायला जास्त वेग मागतो. सत्तर किलोच्या माणसाला साधारण १३५ ते १४० सेंटीमीटर, शंका असेल तर मोठाच घ्या, बोर्डवर कंपनीचा वजनाचा तक्ता असतो तो बघा. सुरुवातीचे बोर्ड खरंच वाईट होते. १९८५ ला टोनी फिन यांनी स्कर्फर काढला, तो अरुंद आणि इतका तरंगणारा की खोल पाण्यातून त्याच्यावर उठायचं म्हणजे फुगलेली ट्यूब पायाखाली दाबायची. १९९० ला हर्ब ओ'ब्रायन यांनी हायपरलाइट आणला, जो ना बुडतो ना उसळतो, तेव्हा कुठं सामान्य माणसाला हे जमायला लागलं. त्यामुळं आजचा कुठलाही साधा बोर्ड असेल तर "बोर्ड बेकार" हे कारण शेवटच्या नंबरला.

कधी थांबायचं

एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं, किंवा सलग पाच वेळा पडलं की बोटीत या. पाच वेळा पडल्यावर सहाव्यांदा जमतंय असं नसतंय, मुठीतली ताकद गेलेली असते आणि तिथंच दुखापत होते. पोहता येत नसेल तर पाण्यात उतरू नका, लाइफ जॅकेट हा पोहण्याला पर्याय नाही, आणि जॅकेट सगळे पट्टे लावून, खांद्याला धरून वर ओढलं तरी हनुवटीपर्यंत न येणारं पाहिजे. वरची सगळी तपासणी करून दोन दिवसांत पण तेच लक्षण राहिलं तर मग माझ्यासारख्याचं पण ऐकू नका, शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडं दोन सेशन घ्या, तो मोबाइलवर शूट करून दाखवतो आणि दहा मिनिटांत कळतंय.

वारा उठला, आभाळ पश्चिमेकडून काळं झालं की काठ. मे २०२४ मध्ये कुगाव-कळाशी दरम्यान वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून सहा जण गेले, तेच हे पाणी. पाणी हिरवं शेवाळलेलं दिसत असेल, वास येत असेल, किंवा अंगावर उघडी जखम असेल तर त्या दिवशी नको. पाण्यात राहून चार-पाच दिवसांनी ताप आला तर डॉक्टरला धरणात पोहलो होतो हे आवर्जून सांगा.

आणि ही लक्षणं असतील तर घरगुती काही नाही, सरळ डॉक्टर. आपटल्यावर डोकं दुखतंय, उलटी होतेय, आत्ता काय झालं ते आठवत नाही, तर लगेच हॉस्पिटल, आणि गाडी दुसऱ्यानं चालवायची. गुडघ्यातून कट्ट आवाज येऊन सूज आली तर त्या पायावर भार न देता हाडाच्या डॉक्टरकडं. खांदा निखळला तर बोटीतल्या कुठल्याही हुशार माणसाला बसवू देऊ नका. आणि कानावर आपटून एकदम बहिरं झाल्यासारखं, चक्कर, कानातून पाणी किंवा रक्त असं असेल तर पडदा फाटलेला असू शकतो. कान-नाक-घशाच्या डॉक्टरनं बघेपर्यंत कान कोरडा ठेवा, आणि घरी आजीनं लसूण कडवून तेल आणलं तर हात जोडून नाही म्हणा, कानात एक थेंब पण जाऊ द्यायचा नाही.